परसातल्या खोलीचा क्लेम

१

सुकुमार मगदूमांच्या परसातली खोली भादव्यात जळाली. माणूस मेलं नाही, जनावर होरपळलं नाही, त्यामुळे गावाचा त्यातला रस लगेच संपला. विमा कंपनीचा संपला नाही, आणि तिनं ते लचांड माझ्या गळ्यात टाकलं.

मी फिरदोस मुजावर, राहणार मिरज. सर्व्हेअर आहे, पण जमिनी मोजत नाही. कुणाचं काही जळालं, बुडालं, पडलं की कंपनी मला पाठवते. खरंच नुकसान झालंय का, कशानं झालं आणि ते विम्यात बसतं का, एवढं बघून यायचं. हे काम करून करून तुझी जीभ कडू झालीय, असं माझी बहीण म्हणते. झालीय. ज्याचं नुकसान झालंय तो माझ्याशी थोडं खोटं बोलतो, ज्याचं झालं नाही तो पुष्कळ बोलतो, आणि दोघंही वर चहा पाजतात.

विम्याची भानगड आधीच सांगून टाकते. मगदूमांनी घराचा विमा उतरवला होता. त्यात मोठं घर येतं, आणि घरापासून सुटी अशी आवारातली बांधकामंही येतात. गोठा, गाडीची शेड, सामानाची खोली, असलं सगळं. पण सुट्या खोलीला अटी फार. तिथं धंदा करायचा नाही. तिथं परक्या माणसाला राहू द्यायचं नाही. आणि घरच्याच कुणी मुद्दाम नुकसान केलं, तर कंपनीकडं काही मागायचं नाही.

आष्ट्याच्या अलीकडं, कृष्णाकाठचं गाव. नाव सांगत नाही, मला तिथं अजून कामं निघतात. रस्त्याकडं तोंड केलेलं मगदूमांचं स्लॅबचं घर, मागं मोकळं परडं, त्यात विहीर, शेवग्याचं झाड आणि पार टोकाला ती खोली. सुकुमार मगदूम सोप्यात बसले होते. पांढराशुभ्र सदरा, कपाळाला गंध, आणि हातात डास मारायची बॅट.

"या मॅडम. लय वाईट झालं बगा." बोलता बोलता त्यांनी बॅट फिरवली. चट् आवाज झाला. "जुनं सामान हुतं. पाट, पेट्या, मोडक्या खुर्च्या. वायर शॉर्ट झाली आन् पेटलं."

"घरी कोण होतं तेव्हा?"

"कोण न्हाई. आमचं पर्व चालू हुतं न्हवं, दशलक्षणाचं. समदी बस्तीत, आरतीला." बस्ती म्हणजे त्यांचं जैन मंदिर. "गावाला इचारा पायजे तर. त्या दिशी सवाल बी म्याच घेतला."

सवाल म्हणजे पूजेच्या मानासाठी लावलेली बोली. ज्याची बोली मोठी त्याला मान. मी येताना बस्तीच्या पायरीवर बसलेल्या म्हाताऱ्यांशी बोलून आले होते, त्यामुळे मला हे माहीत होतं. सुकुमारअण्णानं जन्मात पहिल्यांदा सवालात तोंड उघडलं म्हणून ते अजून हसत होते. ज्यानं कधी मान घेतला नाही त्यानं नेमका त्याच संध्याकाळी घेतला, म्हणजे आपण बस्तीत आहोत हे सगळ्यांनी बघावं अशी त्याची फार इच्छा होती.

खोलीकडं गेले. मातीविटांच्या भिंती उभ्या होत्या, पत्रे खाली आले होते, वासे कोळसा झाले होते. जळालेल्या जागेत मी पहिल्यांदा दार बघते. लाकूड जळून जातं, पण लोखंड जिथं पडायचं तिथंच पडतं. बाहेरच्या बाजूला साधी जुनी कडी पडली होती. आतल्या बाजूच्या राखेत एक जाड, नव्या घडणीची कडी निघाली, चांगली वजनदार.

अडगळीच्या खोलीला कुलूप बाहेरून लागतं. आतून कडी घालतं ते माणूस, आणि तेही रात्री. सुकुमार मगदूमांच्या मोडक्या खुर्च्यांना चोराची भीती वाटत नसणार. त्या खोलीत कुणीतरी झोपत होतं.

२

मी ती कडी नेऊन त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी ती बघितली, बॅट बाजूला ठेवली आणि दुसरी गोष्ट काढली. ती त्यांच्याकडं तयारच असावी.

"ते व्हय? महाराज गावात आले की आमी तितं चौका लावतोय. सोवळ्यात सैपाक करायचा, कोण मदी शिराय नको, म्हणून आतनं कडी. धर्माचं काम हाय मॅडम, धंदा न्हवं."

चौका मला कळतो. मिरजेत आमच्या शेजारी जैनांची घरं होती. दिगंबर मुनींना आहार द्यायचा तर वेगळी स्वच्छ जागा, गाळलेलं विहिरीचं पाणी, ताजं दळलेलं पीठ. विम्याच्या दृष्टीनं बघितलं तर घरचाच वापर. गोष्ट चांगली होती, म्हणून तर मला राग आला. चांगली गोष्ट तयार ठेवणारा माणूस माझ्यासारखीला आधीपासून ओळखून असतो.

"घरात कोण कोण असतं?"

"मी, मंडळी, मुलगा, अतिशय नाव त्येचं. आन् वैनी. थोरल्या भावाची बायकू, गुणमाला. जिनेंद्रदादा लवकर गेला, पोरबाळ न्हाई. आमीच सांबाळतोय."

गुणमालाक्का विहिरीवर भेटल्या. साठीच्या पुढच्या, हडकुळ्या, पाठीत वाकलेल्या. पोहऱ्यानं पाणी काढून फडक्यातून गाळत होत्या. गाळून झाल्यावर फडक्यात राहिलेलं त्यांनी वर फेकून दिलं नाही. पुन्हा पोहऱ्यात घेतलं, पोहरा पाण्याला टेकेपर्यंत खाली सोडला आणि अलगद कलता केला. पाण्यातले जीव पाण्यात परत. घरात नळ होता, यंत्राचं शुद्ध पाणी होतं, पण या बाईचा नेम विहिरीवरच चालला होता.

"आक्का, तुम्ही कुठं राहता?"

"हितंच की. मोठ्या घरात."

"झोपता कुठं?"

"आतल्या खोलीत."

"चला, दाखवा."

त्यांनी दाखवली. आतल्या खोलीत अतिशयचा कॉम्प्युटर होता, त्याची खुर्ची होती, व्यायामाचं डंबेल होतं. म्हाताऱ्या बाईची एक पिशवीसुद्धा दिसेना. आणि बाईंच्या अंगात जे पोलकं होतं ते खांद्यावरून सारखं घसरत होतं. मघाशी चहा घेऊन आलेल्या सुंदरीबाईंच्या, म्हणजे सुकुमारांच्या बायकोच्या, मापाचं ते पोलकं होतं.

मोठ्या घरात राहणाऱ्या बाईचे कपडे मोठ्या घरात असतात. गुणमालाक्कांकडं स्वतःचं एक पोलकंही उरलं नव्हतं, कारण सगळी त्या आगीत गेली होती.

"आक्का, तुम्ही त्या परड्यातल्या खोलीत राहत होता. ती तुमची खोली होती. जिचं घर जळालं तीच बाई माझं काही जळालं नाही म्हणतेय. का?"

त्यांनी पोलकं वर ओढलं. "बाई," त्या म्हणाल्या, "माझी खोली परत उभी ऱ्हायला पायजे. तुमी लय खोलात जाऊ नगा. मला म्हातारपणी दुसरं काय बी नगं."

३

रस्त्यावर शमशेर पटवेकरांचं फॅब्रिकेशनचं दुकान आहे. गेट, खिडक्या, शटर. मला बघून त्यांनी वेल्डिंगचा चष्मा वर केला आणि स्टूल पुसून दिलं.

"बसा आपा. मगदूमांच्या आगीचं काय?"

"तुम्ही पहिल्यांदा धावलात म्हणे."

"धावलो खरं. पर काय राहिलं नव्हतं हो. पोरं बादलीनं पाणी मारत होती, तवर पत्रं खाली आले."

"वास कसला आला? रॉकेल, पेट्रोल?"

शमशेरभाई विचार करून बोलणारा माणूस. "न्हाई. जुन्या गादीचा कापूस जळतो ना, तसला. पेट्रोल असतं तर मला कळलं असतं, माझं नाक त्यातच गेलंय."

माझंही तेच मत होतं. पेट्रोलनं फरशी ठिकठिकाणी पोळते. इथं फरशी एकाच जागी तडकली होती, खोलीच्या मधोमध, जिथं खाट असावी तिथं. वायर होती दारावर, आणि तिथला गिलावा धूर लागून काळा झाला होता, पण फुटला नव्हता. आग वायरीतून नाही, गादीतून उठली होती.

"मगदूमांचं तुमच्याकडं काही काम?"

शमशेरभाईंनी खाली बघितलं. "आपा, गिऱ्हाइकाचं सांगू नये."

"नका सांगू. ते कोपऱ्यात शटर उभं आहे, ते ज्याचं असेल त्यालाच मी विचारते."

त्यांनी उसासा टाकला. "अतिशयचं. खतं-औषधांचं गोडाऊन काढायचंय पोराला. परड्याच्या त्या टोकाला, मागच्या रस्त्याला तोंड करून. टेप घेऊन मीच माप काढून आलो. भिंतीला भिंत लागून किती रुंद बसतं, ते."

"भिंतीला भिंत म्हणजे खोलीच्या?"

"खोलीच्याच."

"खोली उभी होती तेव्हा?"

"उभी होती. गुणमालाक्कांनी मला चहा बी केला तिथं. माप कशाचं म्हणून विचारलं त्यांनी. अतिशय म्हणाला, थोरली आई, तुला नवी खिडकी बसवतोय."

मी उठले. शटरचं माप आधी, आग नंतर. आता माझ्या डोळ्यासमोर एकच माणूस होता, आणि त्याच्या मोटारसायकलच्या हँडलला पेट्रोलचा कॅन लटकलेला मी मघाशीच बघितला होता.

४

अतिशय स्वयंपाकघरात मोबाइलवर बोटं फिरवत जेवत होता. कॅनचं विचारलं तर तो हसला.

"फवारणीच्या पंपाला लागतंय मॅडम. खोली मी पेटवली म्हणताय का? मी बस्तीत हुतो, आण्णाच्या मांडीला मांडी लावून. अख्खी बस्ती साक्षीला हाय."

"शटर?"

त्याचं हसू थोडं कमी झालं. "धंदा करायचा इचार कराय बंदी हाय का?"

बंदी नव्हती. आणि बस्तीतल्या म्हाताऱ्यांनीही त्याला आरती होईपर्यंत तिथं बघितलं होतं. सुंदरीबाई बायकांत पुढच्या रांगेत होत्या, तेही त्यांनी न विचारता सांगितलं होतं. घरचे तिघंही जागच्या जागी. शिवाय पेट्रोलचा वास नव्हता. मग मी त्या पोराला उगाच पकडून बसले होते.

सुंदरीबाई ओट्याशी वाकून मुंग्या मारायच्या खडूनं रेघ ओढत होत्या. ओट्यापासून साखरेच्या डब्यापर्यंत जाड पांढरी रेघ, आणि रेघेवर मेलेल्या मुंग्यांचा सडा. "पावसाळ्यात नुसता उच्छाद हाय," त्या म्हणाल्या. "थोरल्या बाईंना चालत न्हाई, त्या बघायच्या आत मारून टाकाव्या लागत्यात."

"सुंदरीताई, सरपण कुठं ठेवता तुम्ही?"

"गॅस हाय की आमाला. बंबापुरतं लागतंय. ते परड्यातल्या खोलीतच असायचं, कोपऱ्यात, शेणीबी तितंच. कोरडी जागा तेवढीच."

"मग ते जळालं असेल."

"जळालंच असंल," असं म्हणून त्यांनी पुढची रेघ ओढली.

पण जळालं नव्हतं. मी परत परड्यात गेले. विहिरीच्या पलीकडं, उघड्यावर, सरपण आणि शेणी रचून ठेवल्या होत्या, नीट, हलक्या हातानं, एकावर एक. पावसानं भिजून त्यांचा लगदा व्हायला आला होता. भादव्यात कोरडं सरपण उचलून उघड्यावर कोण ठेवतं? आणि ज्याला खोली पेटवायची आहे तो हाताशी असलेलं सगळ्यात चांगलं जळण बाहेर का काढून ठेवील?

मी शेवग्याखाली गेले. तिथं एक नारळाची करवंटी होती, तिच्या तळाला गूळ चिकटलेला, आणि करवंटीभर काळ्या मुंग्या. वाऱ्यानं येऊन पडलेली करवंटी नव्हती ती. दगडाला टेकवून, वरून पाऊस पडू नये म्हणून कौलाचा तुकडा ठेवून मांडलेली होती. थोड्या अंतरावर दुसरी, खोलीच्या दाराच्या दिशेनं. मुंग्यांना गुळाची लाच दाखवत कुणीतरी खोलीबाहेर काढलं होतं.

मिरजेच्या आमच्या शेजारीणबाई चुलीत लाकूड घालायच्या आधी ते जमिनीवर हलकेच आपटायच्या. आतला किडा बाहेर पडेपर्यंत थांबायच्या. पोरवयात मला त्याचं हसू यायचं.

आग लावणाऱ्यानं त्या सरपणातले किडे आणि त्या खोलीतल्या मुंग्या आधी वाचवल्या होत्या. आता या घरात बघा. सुकुमार बॅटनं डास चरचरवतात. सुंदरीबाई खडूनं मुंग्या मारतात. अतिशयला औषधांचं गोडाऊन काढायचंय, ज्यात किडे मारायचाच माल असतो. मुंगी मरेल म्हणून हात थांबणारं माणूस या घरात एकच होतं, आणि मला ते नाव मनातसुद्धा घ्यायचं नव्हतं.

५

गुणमालाक्का जळालेल्या खोलीच्या उंबऱ्यावर बसल्या होत्या. मी शेजारी बसले. फरशी अजून काळी होती.

"आक्का, त्या संध्याकाळी तुम्ही आरतीला उशिरा पोचलात, असं बस्तीतले म्हातारे सांगत होते."

त्या हातानं उंबऱ्यावरची राख बाजूला सारत राहिल्या.

"सरपण तुम्ही बाहेर काढलंत. गूळ तुम्ही ठेवलात. आणि मग दिवा गादीला लावलात."

मला वाटलं होतं, त्या नाही म्हणतील, रडतील. त्यांनी दोन्ही केलं नाही. "सरपणात लय जीव असत्यात," त्या म्हणाल्या. "भादव्यात तर जास्तीच. पालीची अंडी हुती येका ढलपीत, ती समदी उचलून ठिवली. मुंग्या मातुर ऐकत न्हवत्या. कितींदा झाडलं तरी माघारी यायच्या. कायतरी ऱ्हायल्या असतील. त्येचं पाप माझ्या डोक्यावर हाय."

"आणि खोलीचं?"

"खोली माझी हुती. पत्रा गळायचा. पाऊस आला की रातभर भांडी मांडून बसायची मी. भावजींना सांगून दमले. मग यंदा त्येंनीच काढलं, वैनी, इमा हाय. खोली जळाली तर कंपनी पैसा देती. नवी पक्की बांधून देतो, वर स्लॅब, आत मोरी. मला खरं वाटलं. म्या म्हनलं, मग तुमीच लावा की. तर म्हणाले, मला पर्वाचा नेम हाय, ह्या दिसांत माझ्या हातनं जीवहिंसा व्हायला नगं. तुमी लावा."

नेम याचा, आणि पाप म्हातारीनं करायचं.

"आक्का, त्या जागी अतिशयचं गोडाऊन होणार आहे. शटर तयार आहे."

"शटर," त्या म्हणाल्या. मग विचारलं, "शटरच्या खोलीत माणूस ऱ्हातंय का वं?"

"नाही."

"मला ठावं हुतं का न्हाई, त्ये इचारू नगा." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "खिडकी म्हणालं पोरगं. खिडकीला येवढं माप घेत न्हाईत, येवढं मलाबी कळतंय."

मी वही काढली. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला.

"माझं येक ऐका. तुमी काय लिवायचं ते लिवा. पर येवढं लिवा, की गुणमाला हितं ऱ्हात हुती, ह्या घरची म्हणून. मी हितं सून म्हणून आले, बाई. कुणाच्या दयेवर न्हाई आले. येवढं कागदावर आलं तर मला ह्या परड्यात दुसरी खोली मागायला तोंड ऱ्हाईल."

घरची. आणि घरच्यानं मुद्दाम लावलेली आग. मी वही बंद केली आणि सुकुमारांना सोप्यात बोलवायला गेले.

६

मी सगळं सांगितलं. कडी, पोलकं, शटर, सरपण, गूळ. सुकुमार मगदूम मान हलवत ऐकत होते, हिशोब तपासल्यासारखे. वायर शॉर्ट झाली, हे त्यांनी दुसऱ्यांदा म्हटलंही नाही.

"म्हंजे वैनीनं लावली," ते म्हणाले.

"तुम्ही सांगितलंत म्हणून."

"त्येला काय पुरावा?" त्यांनी मोबाइल काढला, पॉलिसी उघडली आणि बोटानं ओळ दाखवली. त्यांनी ती माझ्याआधी वाचली होती. "हितं बगा मॅडम. घरची मंडळी म्हंजे कोण, त्ये कंपनीनंच लिवलंय. इमा घेणारा, त्येची बायकू, पोरं, आईबाप. भावाची बायकू ह्यात हाय का?"

"नाही."

"मग आग घरच्यानं न्हाई लावली. परक्या बाईनं लावली, आकसानं. परक्यानं जाळपोळ केली तर कंपनी देती का न्हाई?"

देते. मला ते माहीत होतं आणि त्यांनाही. स्वयंपाकघराच्या दारात गुणमालाक्का उभ्या होत्या. सुकुमारांना त्या दिसत होत्या, तरी ते थांबले नाहीत.

"पोलिसात द्यायचं त्ये आमी देऊ. तुमी परकी म्हणून लिवा."

"असं करू," मी म्हणाले. "तुम्हीच लिहून द्या. गुणमाला ही आमच्या कुटुंबातली नाही, आणि ती परड्यातल्या खोलीत राहत होती. खाली सही करा."

त्यांनी लिहिलं. हात जरासुद्धा अडखळला नाही. सही झाल्यावर मी तो कागद उचलून पिशवीत ठेवला.

"आता दुसरी अट सांगते, मगदूम. सुट्या खोलीत परकं माणूस राहत असेल, तर ती खोली विम्यात धरायचीच नाही. मग ती कशानंही जळू दे, वायरीनं, आकसानं, विजेनं. तुमचा क्लेम शून्य."

त्यांचा चेहरा पहिल्यांदा बदलला. "मग घरचीच म्हणा की. आता लिवताना चूक झाली."

"घरची म्हणालात तर आग घरच्यानं लावली. तरी शून्य. कुठलीही गोष्ट घ्या. तुम्हाला दोन्हीकडं काही नाही."

अतिशय उठून बाहेर गेला. सुंदरीबाईंनी टीव्हीचा आवाज कमी केला. आपण जिंकलो असं मला दारात पोचेपर्यंत वाटत होतं.

दारात गुणमालाक्का होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. "आता तुमी काय लिवणार?" त्यांनी विचारलं.

तेच तर होतं. घरची असं लिहिलं तर आग कुणी लावली तेही लिहावं लागणार, आणि मग सुकुमार हात झटकून मोकळे. दिवा लावला तो गुणमालानं. फौजदार तिला विचारणार, नेम कुणाचा होता ते कुणी विचारणार नाही. परकी असं लिहिलं तर क्लेम राहण्याच्या अटीवरच फेटाळला जातो, आगीच्या कारणात शिरायची गरजच पडत नाही. मी "कारण निश्चित करता आले नाही" असं लिहून मोकळी होऊ शकते. त्यांना वाचवायचा तेवढाच रस्ता होता, आणि त्यासाठी त्यांचा जबाब लागणार होता.

मी त्यांना विहिरीपाशी नेलं आणि काही न लपवता सांगितलं.

"म्हंजे मी ह्या घरची न्हाई, असं मीच सांगायचं," त्या म्हणाल्या.

"हो."

"भावजींनी लिवलं त्येवढ्यानं भागत न्हाई?"

"नाही. कंपनी तुमचंही मागणार."

"आन् न्हाई दिलं तर?"

"तर आग कुणी लावली ते मला लिहावं लागेल, आक्का."

त्या विहिरीच्या काठावर बसल्या. "शिराळ्याला भाची हाय माझी. तिचं घर ल्हान हाय, पर बगते इचारून. हितं आता जेवाय वाढणार न्हाईत मला." मग त्यांनी हात पुढं केला. "द्या कागद."

मी जबाब लिहिला आणि वाचून दाखवला. 'मी मगदूम कुटुंबाची सदस्य नाही. आवारातील सुट्या खोलीत मी वेगळी राहत होते.' वाचताना मला लाज वाटली. कायद्याला धरून होतं, त्यांच्या भल्याचं होतं, आणि तरी त्या म्हातारीच्या तोंडावर थुंकल्यासारखं होतं. मिरजेत नवऱ्यामागं मलाही सासरच्यांनी भाडेकरू म्हणून वागवलं होतं, पण ते माझ्या हातून कुणी लिहून घेतलं नव्हतं.

त्या शिकलेल्या होत्या, जुन्या सातवीपर्यंत. पेन नीट धरून, प्रत्येक अक्षर सुटं काढत त्यांनी सही सुरू केली. गुणमाला. मग जिनेंद्र. तिथं पेन थांबलं. त्यांनी वर बघितलं, आणि मुलगी मास्तरांना विचारते तसं सरळ विचारलं,

"बाई, म्होरं मगदूम लिवू का नगं?"

सहीला नाव पूर्ण लागतं, एवढंच मला सांगता आलं. त्यांनी मगदूम लिहिलं, शाई वाळेपर्यंत कागद हातात धरला, आणि मग तो माझ्याकडं दिला.